लिंबाला ठोकलेला खिळा

आमच्या शाळेच्या अंगणात एक लिंब आहे. लातूरकडं कडुनिंबाला लिंबच म्हणतात. पिळायचं ते लिंबू. दोन पोरांनी हात धरून वेढा घातला तरी कवेत येत नाही एवढा त्याचा बुंधा. चार वर्षांपूर्वी पर्यावरण दिनाच्या आदल्या दिवशी त्या बुंध्याला पत्र्याची पाटी ठोकली गेली, ‘झाडे लावा, झाडे जगवा’. चार कोपऱ्यांना चार मोठे खिळे. ठोकताना मी तिथंच उभी होते आणि काही बोलले नाही, हेही सांगून टाकते. दिवाळीच्या सुमारास खालच्या दोन खिळ्यांशेजारी तांबूस डिंकाचे थेंब साठले. दुसरीतली एक मुलगी त्याला बोट लावून बघत उभी होती. म्हणाली, “मॅडम, लिंबाला चीक कामून आलाय?”

वर्गात ‘झाडांचे उपयोग’ असा रंगीत तक्ता टांगलेला होता. त्यात फळं, फुलं, सावली, लाकूड, औषध, प्राणवायू, सगळं होतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं.

मग चौथीच्या वर्गाला मी एक उलटा प्रश्न घातला. तुम्ही दहावीला जाल तेव्हा ही पाटी कुठं असेल? तेवीसपैकी एकोणीस जणांनी हात वर करून सांगितलं, वर गेलेली असेल, झाड वाढतं ना. एकानं तर ती पार छपराच्या वर नेऊन ठेवली. हाच प्रश्न पुढं शिक्षण परिषदेत जेवणाच्या सुट्टीत सहज विचारला, तर आम्हा शिक्षकांतलेही निम्मे पाटी वर घेऊन गेले. खरं म्हणजे खिळा आहे तिथंच राहतो. झाड उंच होतं ते शेंड्यांकडून. खालचा बुंधा फक्त जाड होत जातो. पाटी वर जाणार नाही, साल हळूहळू तिच्या कडा गिळायला लागेल. हे सांगून टाकायला अर्धा मिनिट पुरला असता. आम्ही सांगितलं नाही. खिळ्याची जमिनीपासूनची उंची मोजली, शेजारी प्रत्येक पोराची उंची मोजली, आणि दोन्ही आकडे वर्गाच्या दारामागं लिहून ठेवले. वर्षानं पुन्हा मोजलं तेव्हा पोरं पाच-सहा सेंटीमीटरनी वाढली होती. खिळा होता तिथंच होता. छपरावर पाटी नेणारा पोरगा तीनदा मोजून आला, पट्टीच चुकीची आहे म्हणाला, आणि मग लिंबाच्या शेंड्याकडं बघत बराच वेळ गप्प बसला.

माझं म्हणणं इतकंच आहे की, पहिली ते चौथीच्या मुलांना झाड शिकवायचं असेल तर वृक्षारोपण हा त्यातला शेवटचा धडा असावा. आपण त्यालाच पहिला केलंय, आणि बहुतेक शाळांत तो एकुलता एक आहे.

मराठवाड्यात बसून असं म्हणणं धाडसाचं आहे, याची मला कल्पना आहे. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांची यादी काढली की लातूरचं नाव येतंच. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. ती बघायला आम्हीही पोरं घेऊन गेलो होतो. त्याच वर्षी 1 जुलैला राज्यभर दोन कोटी झाडं लावायची मोहीम झाली. पुढं आकडा 2017 ला चार कोटी, 2018 ला तेरा कोटी आणि 2019 ला तेहतीस कोटी असा चढत गेला. आता आईच्या नावानं झाड लावायचं असतं. झाडं लागायला हवीत याबद्दल वाद नाही. पण सात-आठ वर्षांच्या पोराला या मोहिमांमध्ये काम काय असतं? रोपाला हात लावून उभं राहायचं. फोटो निघतो, अपलोड होतो, पोरं वर्गात परत जातात. रोप कशाचं होतं ते विचारा. “झाडाचं,” म्हणून सांगतील.

आमच्या निबंधांत ही गंमत फार चांगली दिसते. ‘मी झाड बोलतोय’ हा निबंध महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोरानं एकदा तरी लिहिलेला असतो. हे झाड नेहमी रडत असतं, मी तुम्हाला प्राणवायू देतो, मला तोडू नका म्हणत असतं. एका वर्षी मी पस्तीस वह्या तपासल्या. कुठलं झाड बोलतंय हे एकाही वहीत नव्हतं. बाभळीला काटे असतात, बोरीखाली अनवाणी जाता येत नाही, चिंच रात्री पानं मिटून घेते, यातलं कुणी काही बोललं नाही. सगळ्या मराठवाड्याचं मिळून एकच झाड, आणि तेही गाईडमधलं.

जेम्स वाँडरसी आणि एलिझाबेथ शुस्लर या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1999 मध्ये ‘वनस्पती-अंधत्व’ असा शब्द मांडला. चित्रात वाघ आणि झाडी असेल तर माणसाला वाघ दिसतो, झाडी म्हणजे नुसती मागची हिरवळ, असा त्याचा साधारण अर्थ. शहरातल्या शाळांना तो चपखल लागू पडतो. आमच्याकडं प्रकरण जरा वेगळं आहे. आमच्या पोरांना वनस्पती दिसतात, घरी रोज दिसतात. शाळेच्या फाटकातून आत येताना ते ज्ञान त्यांना चपलांसारखं बाहेर काढून ठेवावं लागतं.

हे मला कळलं ते तिसरीतल्या एका मुलामुळं. जोडाक्षर आलं की हा अडखळायचा, त्यामुळं आमच्या कागदावर तो ‘अप्रगत’. एकदा ऑगस्टमध्ये मी वर्ग शाळेमागच्या बांधावर नेला आणि म्हटलं, दहा मिनिटांत जेवढ्या वनस्पती ओळखता येतील तेवढ्या सांगा. वर्गातली हुशार मुलगी गवत, फूल, वेल यावर थांबली. हा सुरू झाला. केना, आघाडा, कुर्डू, गोखरू, हराळी, लव्हाळा, तरोटा, काटेमाठ, घोळ, पाथरी, दुधी, गाजरगवत. बारा नावं, तीही हात लावून. आघाड्याचा तुरा पायजम्याला उलटा चिकटवून दाखवला. केना शेळी खाते, काटेमाठ कवळा असला तर आई भाजी करते, लव्हाळ्याला खाली गाठी असतात म्हणून खुरपं खोल घालायचं. खुरपणीला आईमागं जाऊन जाऊन आलेलं हे शहाणपण. बी स्वतः पसरत नाही, कुणाच्या तरी अंगाला चिकटून जातं, हा आघाड्याचा धडा तो पायजम्यावर घेऊन हिंडत होता आणि आम्ही त्याला दुसऱ्या दिवशी तक्त्यावर ‘बीजप्रसार’ शिकवणार होतो.

गाजरगवताचं नाव आलं म्हणून सांगते. गावात त्याला काँग्रेस म्हणतात. 1950च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा त्याची नोंद झाली, परदेशातून आलेल्या धान्याबरोबर ते आलं असं मानतात. ‘आपल्या आजोबांच्या लहानपणी हे गवत इथं नव्हतं’ एवढं एक वाक्य सांगितलं की पोरं घरी जाऊन म्हाताऱ्यांना गाठतात. मग आजोबांच्या वेळी काय होतं याची यादी आपोआप वर्गात येते. कायद्यानं 2002 पासून गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची, जीवांची नोंद, करायची सोय आहे. कित्येक ठिकाणी ती कुठल्या तरी कपाटात आहे. चौथीच्या पोरांनी आजोबांना विचारून आणलेल्या याद्या तिच्यात जायला काय हरकत आहे?

आता वर्गातल्या उपक्रमांबद्दल. अंगठ्याच्या ठशांचं झाड करतात, वाळकी पानं चिकटवून मोर करतात, प्लास्टिकच्या कपात कापूस घालून मटकीला मोड आणतात. चित्रकला म्हणून पहिली दोन्ही छान आहेत. मटकीचा प्रयोग तर चांगलाच आहे, फक्त तो जिथं रंगात यायला लागतो तिथंच आपण थांबवतो. मोड आले, टाळ्या वाजल्या, कप कचऱ्यात.

याच्या जागी काय करता येईल? आमच्या भागात दर मे-जूनमध्ये घरोघरी एक प्रयोग होतो आणि त्याला कुणी प्रयोग म्हणत नाही. घरच्या सोयाबीनची उगवण तपासणं. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात पिशवीतलं सोयाबीन उगवलंच नाही म्हणून हजारो शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची वेळ आली, प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. तेव्हापासून ही तपासणी आणखी वाढली. गोणपाट भिजवायचं, त्यावर सरसकट घेतलेले शंभर दाणे दहाच्या ओळींनी मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. सात-आठ दिवसांनी उघडून चांगले कोंब किती ते मोजायचे. सत्तर किंवा वर आले तर नेहमीप्रमाणं एकरी तीस किलो बियाणं. कमी आले तर दर टक्क्यामागं साधारण अर्धा किलो वाढवायचं. साठच्या खाली गेलं तर ते बी पेरायचं नाही.

जूनच्या मध्यात शाळा उघडते तेव्हा पेरण्या तोंडावर असतात. आम्ही पहिल्याच आठवड्यात हे वर्गात घेतलं. एक सावधगिरी: बाजारातल्या पिशवीतलं लाल-निळं पावडर लावलेलं बी मुलांच्या हातात द्यायचं नाही, ते विष असतं. घरचं, काही न चोळलेलं बी हवं. दुसरीच्या मुलांनी शंभर दाणे मोजले. हे सोपं नसतं. चारदा चुकले, एकानं दोन खाल्ले. दहाच्या दहा ओळी पाहून ‘दशक’ म्हणजे काय ते ज्यांना मणी-माळांनी कळलं नव्हतं त्यांना कळलं. निपुण भारत या सरकारी अभियानात पायाभूत संख्याज्ञान म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं, मला माहीत नाही. आठव्या दिवशी गोणपाट उलगडलं. बारकेसे पांढरे कोंब, काही वाकडे, काही दाणे नुसतेच फुगून कुजलेले, त्यांचा तो आंबूस वास. मोजणी तीनदा झाली आणि एकसष्टवर मिटली. ज्या मुलाच्या घरचं बी होतं तो मधल्या सुट्टीतच घरी पळाला.

उरलेले कोंब आम्ही पाण्याच्या बाटल्या कापून त्यांत मातीला लावले. शेजारी हरभरा आणि तूर लावली, बी बाटलीच्या भिंतीला चिकटून, म्हणजे बाहेरून दिसेल असं. चार-पाच दिवसांत एक गोष्ट दिसली, जी मला स्वतःला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. सोयाबीन आपल्या दोन्ही दाळी डोक्यावर घेऊन मातीबाहेर येतं, मानेत वाकून, ओझं उचलल्यासारखं. मुगाचंही तसंच. हरभरा आणि तूर दाळी खालीच ठेवतात, वर येतो तो नुसता कोंब. मुलांनी लगेच दोन गट पाडले, ‘वझंवाले’ आणि ‘बिनवझ्याचे’. एपिजिअल आणि हायपोजिअल हे शब्द मी कॉलेजात पाठ केले होते. ‘वझंवाले’ जास्त चांगला शब्द आहे. आणि मग शेतातली एक जुनी गोष्ट उलगडते. सोयाबीन खोल पेरू नये, पेरल्यावर जोराचा पाऊस होऊन वर पापुद्रा धरला तर ते उगवत नाही, असं घरोघरी बोलतात. हरभऱ्याला खोल पेरलेलं चालतं. का, ते बाटलीत दिसत होतं. ज्याच्या डोक्यावर वझं त्याला वरचं दार उघडं लागतं.

पानाबद्दलही असंच. ‘पळसाला पानं तीनच’ ही म्हण आमच्याकडं उठता-बसता वापरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो तेव्हा त्याला बहुधा एकही पान नसतं, हे पोरं पहिल्यांदा बघतात. पान आल्यावर खरा प्रश्न येतो. ती तीन पानं आहेत की एकाच पानाचे तीन भाग? ओळखायची खूण सोपी आहे. पान जिथं फांदीला जोडलेलं असतं तिथं बगलेत एक बारीक डोळा असतो, पुढच्या फांदीचा किंवा फुलाचा. पळसाच्या तिन्ही पात्यांच्या बुडाशी डोळा नाही. तो आहे खाली, समाईक देठाच्या बगलेत. म्हणजे पान एकच. आता लिंबाकडं या. पोरांना ‘एक पान आण’ म्हटलं की ती एक पाती खुडून आणतात. डोळा शोधायला लावला की ती अख्खी डहाळीसारखी दिसणारी काडी, दहा-पंधरा पात्यांसकट, हे एक पान निघतं. गुढीपाडव्याला आपण लिंबाचा डहाळा बांधतो त्यात पानं किती, यावर त्या दिवशी वर्गात जे भांडण झालं, ते शंभर तक्त्यांनी झालं नसतं. भिंग लागलं नाही. पैसे लागले नाहीत. म्हण मात्र धोक्यात आली.

उंबराचंही घ्या. ‘उंबर फोडून केंबरं कशाला काढायची’ असं आपण म्हणतो, म्हणजे झाकलेलं उकरू नये. शाळेचं काम मात्र नेमकं उंबर फोडायचंच आहे. आत किडे असतात म्हणून आई खाऊ देत नाही. हे किडे आत शिरतात कुठून, आणि उंबराला फूल का दिसत नाही? फूल आतच असतं, शेकड्यांनी. ते दाखवायला एक उंबर आणि एक ब्लेड पुरतं. ब्लेड बाईंच्या हातात.

याला विरोध होतो आणि तो पोकळ नसतो. पालकसभेत एका वडिलांनी मला सरळ विचारलं, “मॅडम, पोरगं मातीतून निघावं म्हणून शाळेत घातलंय, आन् तुम्ही पुन्हा मातीतच घाललालाव?” माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं. ज्यानं तीन दुष्काळ बघितले, सोयाबीनचा भाव बघितला, त्याला ‘मातीशी नाळ’ वगैरे ऐकवणं हा उद्धटपणा झाला असता. पुण्या-मुंबईच्या महागड्या शाळा पैसे घेऊन पोरांना भातलावणी दाखवायला नेतात, हे सांगूनही उपयोग नसतो. त्यांची ती सहल असते, आमचं ते राबणं. मी त्यांना एवढंच म्हटलं की, पोरगं शेतात राहो की न राहो, मोजणं, वाट बघणं, अंदाज चुकला तर पुन्हा तपासणं हे त्याला लागणारच. इंजिनिअर झालं तरी लागणार. ते पटलं की नाही माहीत नाही. एकसष्टचा आकडा त्यांच्याच घरचा होता, हे मला नंतर कळलं.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, म्हणजे माझाच. चार वर्ग, दोन शिक्षक, खिचडीचा हिशेब, रोज नवी लिंक. त्यात हे कधी करायचं? वेळ खरंच नाही. पण वृक्षारोपणाच्या एका दिवसाला खड्डे, पाहुणे, बॅनर, फोटो, अहवाल मिळून चार दिवस जातात, ते कुणी मोजत नाही. शिवाय झाडांचं वेळापत्रक आमच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. उन्हाळी सुट्टीत पाणी घालायला कुणी नसतं, तेव्हा जूनमध्ये लावलेली रोपं मे महिन्यात वाळतात आणि मुलं एवढंच शिकतात की झाड लावलं की मरतं. बीडकडं, रेणापूर-अहमदपूरकडं ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली पोरं दिवाळीच्या आसपास निघून जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. त्यांना ‘आपलं रोप सांभाळ’ म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. उभा लिंब मात्र त्यांच्यासाठी थांबतो. गेले तेव्हा हिरवागार, आले तेव्हा पानगळ होऊन नवी तांबूस पालवी आणि बारीक पांढरा फुलोरा; मधे काय झालं ते मागं राहिलेल्यांनी सांगायचं.

यात नवीन काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा कुरणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्दही त्याच कामातून आला, आणि 1975 च्या सरकारी योजनेनं तो देशभर नेला. शब्द देशभर गेला, अंगण मात्र बहुतेक ठिकाणी मागं राहिलं. वर्गाची खोली आणि पत्रे आले.

एक गोष्ट मात्र घाईनं सांगायला हवी, कारण ती आवडीनिवडीची नाही. शाळांच्या कुंपणाला चंद्रज्योत लावलेली असते. तिच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, आणि त्या खाऊन उलट्या-जुलाबानं पोरं दवाखान्यात गेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. धोतरा, कण्हेर, एरंडाच्या बिया, रुईचा चीक डोळ्यात जाणं, हे सगळं आपल्या आवारात आहे. प्राणवायूच्या तक्त्यात यातलं एक नाव नसतं. पहिलीच्या पहिल्या महिन्यात या पाच वनस्पती लांबून ओळखता आल्याच पाहिजेत. वृक्षारोपण त्यानंतर.

आणि लावायचंच असेल तर लिंबोळ्यांपासून सुरुवात करा. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा लिंबाखाली पिवळा सडा असतो. लिंबोळीची उगवणशक्ती लवकर जाते, महिने-दोन महिने डब्यात ठेवून भागत नाही. पोरांनी गर चोखून टाकलेलं बी त्याच आठवड्यात मातीत गेलं तर उगवतं. नर्सरीतून टेम्पोनं आलेल्या गुलमोहराच्या रोपाला, जे मूळचं मादागास्करचं, मुलांच्या लेखी ना बी असतं ना जन्म. लिंबोळीचं रोप त्यांनी तोंडातून काढून लावलेलं असतं.

येळवसेला, म्हणजे दर्शवेळा अमावस्येला, लातूर जिल्ह्यात सुट्टी असते. सगळं गाव शेतात, कडब्याच्या कोपीत पांडव मांडलेले, भज्जी (तळलेली भजी नव्हे, शेंगा-दाणे आणि पालेभाज्यांची मिसळ भाजी), आंबील, उंडे. गेल्या येळवसेला मी पोरांना अभ्यास म्हणून एकच दिला, भज्जीत काय काय पडलं ते आईला विचारून लिहून आणा. दुसऱ्या दिवशी तो जोडाक्षराला अडखळणारा मुलगा सोळा नावं लिहून घेऊन आला. हरभऱ्याचं स्पेलिंग चुकलं होतं. मी लाल पेन उचललं आणि पुन्हा खिशात ठेवलं, आधी त्याला ती यादी वर्गाला वाचून दाखवायला लावली.

पाटी अजून लिंबावर आहे. खिळे काढावेत की नाही यावर चौथीत मतदान घेतलं. काढताना साल आणखी फाटेल म्हणून आठ मतं विरोधात पडली. त्यांचं म्हणणं मला बिनचूक वाटतं. आणि बाकीच्यांचं ऐकायचं म्हटलं, तरी पाटी काढायला परवानगी कुणाची लागते हे आम्हाला अजून कुणी सांगितलेलं नाही.